आभासी रुग्णावर शिकवायला सुरुवात करताना

सिम्युलेशनने, म्हणजे खऱ्या रुग्णाऐवजी उभ्या केलेल्या प्रसंगावर, शिकवायचं ठरलं की पहिली चर्चा बहुतेक वेळा 'हेडसेट कोणता घ्यायचा' इथूनच सुरू होते. मीही तिथूनच सुरुवात केली होती. दोन तासांच्या पहिल्या सत्रातला पाऊण तास पट्टे बसवण्यात आणि लॉगिन करण्यात गेला. एकाला मळमळायला लागलं म्हणून त्याला बाहेर नेऊन बसवावं लागलं. शेवटी, झालेल्या प्रसंगावर बोलायला जेमतेम दहा मिनिटं उरली. मुलं खूश होऊन गेली. आठवड्याभराने त्यांच्यातल्याच एकीला मी वॉर्डात तोच प्रसंग तोंडी घातला, तर सत्रात ज्या जागी अडली होती त्याच जागी ती पुन्हा अडली.

तेव्हापासून मी क्रम बदलला. आधी नेमकं काय शिकवायचं ते, मग त्यासाठीची केस, मग तिला पुरेल एवढंच साधन, आणि सगळ्यात जास्त वेळ नंतरच्या चर्चेला. आभासी रुग्णाचं काम त्या चर्चेसाठी एक खरा वाटणारा प्रसंग पुरवणं. शिकणं घडतं ते चर्चेत. पहिल्यांदाच असं सत्र घेणाऱ्या डॉक्टरांना, नर्सिंगच्या शिक्षकांना आणि वॉर्ड सांभाळून शिकवणाऱ्या वरिष्ठांना उपयोगी पडावं म्हणून मी हे सविस्तर लिहितो आहे.

आधी थोडं मागे वळून

एडविन लिंक यांनी १९२९ साली जमिनीवरच उडायला शिकवणारी पेटी तयार केली आणि वैमानिकांना खरं विमान न पाडता चुका करता येऊ लागल्या. वैद्यकात हे यायला वेळ लागला. १९६० मध्ये नॉर्वेतले खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्डल यांनी तोंडावाटे श्वास देण्याच्या सरावासाठी 'रेससी ॲन' ही बाहुली आणली. तिच्यात फारसं काही नव्हतं, पण मान नीट मागे झुकवली नाही तर तिच्या छातीत हवा जात नसे. जे शिकवायचं होतं तेवढंच तिच्यात अगदी खरं होतं. १९६७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात 'सिम वन' हा भूल देण्याच्या सरावासाठीचा संगणकावर चालणारा पुतळा तयार झाला, आणि पुढे नव्वदच्या दशकात शस्त्रक्रियेसाठी आभासी सिम्युलेटर येऊ लागले.

यातलं एक उदाहरण मी प्रत्येक नव्या प्रशिक्षकाला सांगतो. २००२ मध्ये येल विद्यापीठातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १६ शिकाऊ सर्जन होते. त्यांतल्या निम्म्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा आभासी सिम्युलेटरवर सराव केला, बाकीच्यांनी फक्त नेहमीचं शिक्षण घेतलं. मग सगळ्यांनी खऱ्या रुग्णावर, वरिष्ठांच्या देखरेखीखाली, पित्ताशय यकृतापासून सोडवलं. सराव केलेल्या गटाने ते २९ टक्के कमी वेळात केलं. सराव न केलेल्यांच्या हातून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच जागा भाजण्याची शक्यता पाचपट होती. आता गंमत बघा, त्या सिम्युलेटरच्या पडद्यावर ना पित्ताशय होतं ना यकृत. साधे गोळे आणि चौकोनी आकार होते, ते उचलायचे, फिरवायचे, ठरलेल्या जागी ठेवायचे. शिवाय सराव तासांवर मोजला नव्हता. अनुभवी सर्जनांनी त्याच यंत्रावर जी पातळी गाठली होती, ती गाठेपर्यंत शिकणाऱ्याने सराव करत राहायचं, असं ठरलेलं होतं.

म्हणून चित्र किती हुबेहूब आहे याची काळजी शेवटी करा. ज्या कौशल्यासाठी सत्र आहे ते कौशल्य त्यात खरोखर वापरावं लागतं का, आणि कुठे पोहोचल्यावर 'आलं' म्हणायचं, हे दोन प्रश्न आधी सोडवा.

पहिली पायरी: एक वाक्य लिहा

ॲनाफिलॅक्सिस म्हणजे अचानक येणारी, जीवघेणी ठरू शकणारी ॲलर्जी. 'ॲनाफिलॅक्सिसचं व्यवस्थापन शिकणे' असं उद्दिष्ट लिहिलंत तर सत्र भरकटणार हे नक्की. समोर बसून डोळ्यांनी पाहता येईल आणि घड्याळावर मोजता येईल असं वाक्य लिहा. उदाहरणार्थ: 'इंजेक्शननंतर रुग्णाला गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला आणि बीपी घसरलं, की शिकणारी व्यक्ती औषध थांबवते, मदत बोलावते, रुग्णाला आडवं ठेवते आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत ॲड्रेनालिन देते, हे सगळं पहिल्या पाच मिनिटांत.'

असं वाक्य टेबलाशी बसून सुचत नाही. वॉर्डातल्या अनुचित घटनांच्या नोंदी चाळा. रात्रपाळीच्या सिस्टरांना विचारा, 'नवे डॉक्टर कुठे हमखास गडबडतात?' त्या तुम्हाला पाच मिनिटांत सहा विषय देतील. त्यातला एकच घ्या. पहिल्याच सत्रात ओळखणं, उपचार, नातेवाइकांशी बोलणं आणि नोंदी लिहिणं असं सगळं कोंबायचा मोह होतो. तो आवरा.

दुसरी पायरी: साधन निवडा

ढोबळमानाने चार प्रकार आहेत. लॅपटॉपच्या पडद्यावरचा आभासी रुग्ण, जिथे प्रश्न विचारायचे, तपासण्या मागवायच्या आणि निर्णय घ्यायचे. डोक्याला हेडसेट लावून आभासी खोलीत वावरण्याचा प्रकार. दुर्बिणीची शस्त्रक्रिया, एंडोस्कोपी अशा हातच्या कामांसाठीचे सिम्युलेटर, ज्यातल्या काहींत हाताला ओढ आणि दाबही जाणवतो. आणि चहूबाजूंनी बघता येणारे व्हिडिओ, ज्यात फक्त बघायचं असतं.

निर्णय शिकवायचा असेल तर लॅपटॉप पुरतो, हे मी ठामपणे सांगेन. खोलीत कोण कुठे उभं आहे, ट्रॉली कुठे आहे, मॉनिटरकडे नजर कधी जाते, दोघंतिघं मिळून काम कसं करतात, असं काही शिकवायचं असेल तर हेडसेट आपली किंमत वसूल करतो. शीर बोटाला कशी लागते, पोट दाबल्यावर कसं कडक होतं, हे हेडसेटच्या हातातल्या कंट्रोलरवर कळत नाही. त्यासाठी रबराचा हात किंवा खरा माणूसच हवा. व्हिडिओ नव्या माणसाला ऑपरेशन थिएटरची ओळख करून द्यायला चांगले, त्यापलीकडे फारसे नाहीत.

पहिली केस बांधायला खर्च करायची गरज नाही. 'ट्वाइन' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, फाटे फुटणाऱ्या गोष्टी लिहिण्यासाठीचं. त्यात प्रोग्रामिंग न शिकताही साधी केस बांधता येते आणि शेवटी एक फाइल तयार होते. ती कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते, इंटरनेट नसलं तरी.

तिसरी पायरी: केस कागदावर लिहा

इथे घाई करू नका. वरच्याच वाक्यावरची केस घेऊ.

३४ वर्षांची बाई, पायाच्या जखमेत संसर्ग झाला म्हणून भरती. आत्ताच शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं आहे. सुरुवातीला नाडी ८८, बीपी ११८/७६, श्वास मिनिटाला १६, ऑक्सिजन ९८ टक्के. दुसऱ्या मिनिटाला ती म्हणते, 'हाताला खाज सुटलीये हो, तळव्यांना.' तिसऱ्या मिनिटाला मानेवर गांधी, आवाज घोगरा, नाडी ११८, बीपी ९६/५८. पाचव्या मिनिटाला, तोवर काहीच केलं नाही तर, 'घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय,' छातीत शिट्टीसारखा आवाज, नाडी १३६, बीपी ७८/४०, ऑक्सिजन ८९.

प्रत्येक टप्प्यासाठी तीन गोष्टी लिहायच्या: रुग्ण काय बोलते, मॉनिटर काय दाखवतो, आणि कोणी काहीच केलं नाही तर पुढे काय होतं. तिसरी गोष्ट नवे लोक विसरतात आणि मग शिकणारा विचार करत बसला की केसही त्याच्याबरोबर थांबून राहते. खरा आजार कोणासाठी थांबत नाही. वेळ चालूच राहिली पाहिजे.

आता फाटे. योग्य वाट सोपी आहे: औषध बंद, मदतीची हाक, पाय उंच करून आडवं झोपवणं, ॲड्रेनालिन, ऑक्सिजन, सलाईन. प्रौढ माणसाला स्नायूतून ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलीत १ मिलिग्रॅम असलेल्या अँप्युलमधलं (औषधाच्या काचेच्या छोट्या कुपीतलं) अर्धा मिली. पाच मिनिटांत सुधारणा दिसली नाही तर पुन्हा तेवढंच. तुमच्या संस्थेची मार्गदर्शक सूचना वेगळा डोस सांगत असेल तर केसमध्ये तीच वापरा.

खरी मेहनत चुकीच्या वाटांवर करायची. त्या वाटा खऱ्या माणसांनी खरोखर धरलेल्या असाव्यात. सगळ्यात पायाखालची म्हणजे ॲड्रेनालिनऐवजी आधी अँटिहिस्टॅमिन आणि स्टेरॉइड देणं. केसमध्ये ती वाट धरली की खाज थोडी कमी होऊ द्या, रुग्णाला 'जरा बरं वाटतंय' म्हणू द्या, आणि बीपी मात्र घसरतच ठेवा. प्रत्यक्षातही फसगत अशीच होते. दुसरी वाट: दम लागतो आहे म्हणून रुग्णाला उठवून बसवणं. बीपी एवढं खाली असताना झटक्यात उठवलं तर हृदयाकडे परतणारं रक्त एकदम कमी होतं, आणि यात हृदय बंद पडू शकतं. केसमध्ये बसवल्यावर तिची नजर स्थिर होईनाशी होते, ती हाकेला ओ देत नाही, एवढं पुरे. बीपी फारसं घसरलेलं नसेल आणि त्रास मुख्यतः श्वासाचाच असेल तर पाय पसरून बसवणं चालतं, हा बारकावा मात्र केस लिहिणाऱ्याला माहीत हवा. तिसरी वाट: अख्खं १ मिलिग्रॅम शिरेतून ढकलणं. मॉनिटरवर हृदयाची लय बिघडलेली दिसू द्या. चौथी, सगळ्यात साधी: ज्यामुळे हे झालं ते अँटिबायोटिक ठिबकतच राहणं. ते बंद केलं नाही तर दोन्ही डोस देऊनही ती पूर्ण सुधारत नाही, असं ठेवा.

रुग्णाला मरू द्यायचं का? यावर प्रशिक्षकांमध्ये मतभेद आहेत. माझं मत असं की नवशिक्यांच्या पहिल्या सत्रात नको. रुग्ण गेला की पुढची वीस मिनिटं त्या धक्क्यातच जातात आणि ज्या निर्णयावर बोलायचं तो बाजूला राहतो. मृत्यूची बातमी देणं हाच सत्राचा विषय असेल तर गोष्ट वेगळी, तिथे त्याची आधी कल्पना द्यावी.

क्लिकमध्ये हरवलेला वेळ

आता ज्या दोषाकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं त्याबद्दल. पडद्यावर 'ॲड्रेनालिन द्या' हे बटण दाबलं की औषध दिलं गेलं. एक सेकंद. प्रत्यक्षात काय होतं? कोणीतरी ट्रॉली आणतं. योग्य खण शोधतं. अँप्युलवरचं लेबल वाचतं. तिची मान मोडतं, सिरिंजचं पाकीट फोडतं, सुई लावतं, अर्धा मिली ओढतं, बुडबुडा काढतं, मोठ्याने डोस म्हणतं, दुसऱ्याकडून तपासून घेतं, कपडा बाजूला करतं आणि मग सुई मांडीत जाते. सरावलेल्या हातांनाही यात बरीच सेकंदं लागतात, नव्या हातांना एक-दोन मिनिटं सहज. म्हणजे आपण नकळत हे शिकवतो की निर्णय घेतला की काम झालं. असा चुकीचा धडा सराव जितका जास्त तितका पक्का होतो.

यावर दोन उपाय मी वापरतो. पहिला सोपा: बटण दाबल्यावर केसमध्ये ९० सेकंद जाऊ द्या, त्या वेळात आकडे घसरत राहू द्या, आणि पडद्यावर 'सिस्टर औषध भरताहेत' एवढंच दिसू द्या. शिकणारा त्या वेळात काय करतो ते बघा. जो ऑक्सिजन लावतो, पाय उंच करतो, तो तयार आहे. जो बटण पुन्हा पुन्हा दाबतो, त्याच्याशी बोलायला विषय मिळाला.

दुसरा उपाय जास्त चांगला. लॅपटॉपशेजारी एक ट्रे ठेवा: सिरिंज, सुया, पाण्याची अँप्युल, सरावासाठी स्पंजचा तुकडा. पडद्यावर निर्णय घ्यायचा, पण औषध हाताने भरायचं. स्पंजमध्ये टोचल्यावरच प्रशिक्षकाने बटण दाबायचं. घड्याळ चालू. मी पहिल्यांदा असं केलं तेव्हा एका हुशार निवासी डॉक्टरने निर्णय चाळीस सेकंदांत घेतला आणि अर्धा मिली भरायला त्याला अडीच मिनिटं लागली, कारण त्याच्या हाती आलेली सिरिंज दहा मिलीची होती आणि तिच्यावर अर्धा मिली नीट दिसतच नव्हता. नुसत्या पडद्यावर हे कधीच कळलं नसतं.

हे करताना एक गोष्ट जिवापाड सांभाळा. सरावाच्या सामानावर 'फक्त प्रशिक्षणासाठी' असं मोठ्या अक्षरात लिहा, सत्र संपल्यावर मोजून परत घ्या आणि वॉर्डाच्या साठ्याजवळही जाऊ देऊ नका. २०१४ मध्ये अमेरिकेत सरावासाठी बनवलेल्या, निर्जंतुक नसलेल्या सलाईनच्या पिशव्या खऱ्या रुग्णांना लावल्या गेल्या आणि माणसं गंभीर आजारी पडली. शिकवण्याच्या सामानाने कोणाला इजा होणं, यापेक्षा वाईट काही असू शकत नाही.

चौथी पायरी: चाचणी

केस दोन माणसांना द्या. एक त्या विषयातला जाणता, तो आकडे आणि औषधं तपासेल. दुसरा केस पहिल्यांदाच बघणारा, तो कुठे अडखळतो ते तुम्हाला कळेल. त्याला मदत करू नका, मागे बसून लिहून घ्या. 'इथे काय करायचं कळेना' असं तो जिथे जिथे म्हणेल तिथे तुमची केस दुरुस्त करायची आहे.

पाचवी पायरी: सत्राचा दिवस

हेडसेट वापरणार असाल तर चार्जिंग, अपडेट आणि लॉगिन आदल्या दिवशी उरका. चेहऱ्याला लागणारा भाग धुता-पुसता येईल असा घ्या आणि प्रत्येक वापरानंतर पुसा. दोन भिंगांमधलं अंतर प्रत्येकाच्या डोळ्यांप्रमाणे जुळवा. ते चुकलं की चित्र पुसट दिसतं आणि डोकं दुखतं. चष्मेवाल्यांना आधीच विचारा. पहिल्यांदा वापरणाऱ्यांना फिरत्या नसलेल्या खुर्चीत बसवा.

मळमळ का होते ते समजलं की टाळणं सोपं जातं. डोळे सांगतात आपण चाललोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण स्थिर आहोत. हा विरोध मेंदूला सोसत नाही. म्हणून कंट्रोलरने सरकत जायच्या सोयीपेक्षा, खरोखर चालता येईल किंवा थेट दुसऱ्या जागी उडी घेता येईल असा पर्याय निवडा, आणि पहिल्या वेळी दहा-पंधरा मिनिटांपुढे जाऊ नका. ज्यांना चक्कर, अर्धशिशी किंवा फिट्सचा त्रास आहे त्यांना तीच केस लॅपटॉपवर द्या. कारण सगळ्यांसमोर सांगायला लावू नका.

केसच्या आधी साधनाची ओळख वेगळी करून द्या. रिकाम्या खोलीत वस्तू उचलणं, रुग्णाशी बोलणं, मॉनिटर बघणं एवढंच. वैद्यकीय काही नको. नाहीतर शिकणारा रिॲक्शन ओळखायला चुकला की बटण सापडलं नाही म्हणून थांबला, हे तुम्हालाही कळणार नाही आणि त्यालाही नाही.

मग सुरुवातीचं बोलणं. मी साधारण असं सांगतो: 'हा सराव आहे, परीक्षा नाही. यातलं काहीही तुमच्या गुणपत्रिकेत जाणार नाही. रेकॉर्डिंग फक्त आपण बघू आणि आज संध्याकाळी पुसून टाकू. रुग्ण खोटी आहे हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, तरी पुढची दहा मिनिटं तिला खरी मानूया. चुका इथे झाल्या तर बरंच, त्यासाठीच बसलोय.' यातलं जे बोलाल ते पाळा. सराव म्हणून सांगून नंतर गुण दिलेत, किंवा कोणाचा व्हिडिओ दुसरीकडे दाखवलात, तर तुमच्या पुढच्या सत्रांत कोणी मोकळेपणाने चुकणार नाही.

केस चालू झाली की गप्प बसा. हे भल्याभल्यांना जमत नाही. शिकणारा चुकतोय हे दिसत असताना तोंडातून शब्द निघतोच, निदान घसा तरी खाकरला जातो. मी हातात कागद धरतो आणि वेळा लिहितो: पहिली गांध दिसली कधी, मदत मागितली कधी, सुई टोचली कधी. बाकीच्या विद्यार्थ्यांनाही असंच एकेक काम द्या, नुसते प्रेक्षक ठेवू नका. एकजण वेळा लिहील, एकजण सूचना नाव घेऊन दिली का आणि ऐकणाऱ्याने ती उलट म्हणून दाखवली का, ते टिपेल. शिकणारा अगदीच अडकला तर केसच्या आतूनच मदत पाठवा: वरिष्ठांचा फोन येतो, 'काय चाललंय तिथे?' बोलता बोलता त्याचं त्यालाच सुचतं.

सहावी पायरी: चर्चा

दहा मिनिटांच्या केसला वीस-पंचवीस मिनिटं चर्चा. वेळ कमी पडला तर केस छोटी करा, चर्चा नको.

आधी मनातलं बाहेर येऊ द्या. 'कसं वाटलं?' असं विचारा आणि थांबा. मग काय घडलं ते क्रमाने सगळ्यांनी मिळून उभं करा. त्यानंतर 'का'. शेवटी, पुढच्या वेळी कोण काय वेगळं करणार ते प्रत्येकाच्या तोंडून.

'का' विचारण्याची एक रीत आहे, ती शिकून घ्या. 'ॲड्रेनालिन का नाही दिलं?' असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं: 'विसरले, सर.' तिथे सगळं संपतं. त्याऐवजी मला काय दिसलं, मला त्याची काळजी का वाटली, हे आधी सांगायचं आणि मग समोरच्याच्या मनात काय होतं ते मनापासून विचारायचं. एका सत्रातलं बोलणं आठवतं तसं लिहितो.

'तिसऱ्या मिनिटाला बीपी शहाण्णव झालं, तेव्हा तुम्ही अँटिहिस्टॅमिन सांगितलंत. मला काळजी वाटली, कारण तोवर तिचा आवाज घोगरा झाला होता. त्या क्षणी तुमच्या मनात काय चाललं होतं?'

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'सर, मला वाटलं ॲड्रेनालिन म्हणजे हृदय थांबल्यावर द्यायचं. उगाच दिलं आणि तिला काही झालं तर? अँटिहिस्टॅमिनने निदान नुकसान तरी होणार नाही.'

म्हणजे ती विसरली नव्हती. तिला भीती वाटत होती. विसरल्याचा आणि भीतीचा उपाय एक नसतो. मग आम्ही स्नायूतला अर्धा मिलिग्रॅम आणि हृदय बंद पडल्यावर शिरेतून दिला जाणारा १ मिलिग्रॅम यांतला फरक बोललो. स्नायूतून ते हळूहळू शोषलं जातं आणि या आजारात तेच जीव वाचवतं, हे बोललो. उशीर करण्यातच नुकसान आहे, हेही.

तेवढ्यात तिच्यासोबत केसमध्ये असलेल्या सिस्टर म्हणाल्या, 'मी अँप्युल हातात घेऊन उभी होते, सर. पण डॉक्टर मॅडमनी मागितलं नाही, मग मी कसं म्हणणार?' खोलीत एकदम शांतता झाली. मी ठरवलेला विषय तिथेच बाजूला ठेवला. उरलेली दहा मिनिटं आम्ही फक्त यावर बोललो: कनिष्ठाने काय शब्दांत सांगायचं, वरिष्ठाने कसं ऐकून घ्यायचं. शेवटी त्या दोघींनी मिळून एक वाक्य ठरवलं, 'मॅडम, बीपी पडतंय, ॲड्रेनालिन तयार आहे, देऊ का?' आणि ते तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

असं काही निघालं तर तुमची यादी सोडून द्या. ते सत्र वाया गेलेलं नसतं.

सातवी पायरी: पुन्हा तेच

चर्चेनंतर लगेच, त्याच दिवशी, तीच केस पुन्हा खेळवा. अनेकजण इथे थांबतात कारण वेळ संपलेला असतो, आणि त्यामुळे शिकणारा आपली चूक बरोबर घेऊन घरी जातो. दुसऱ्या फेरीत बरोबर करून जाऊ दे. मग काही आठवड्यांनी बदललेली केस द्या: क्ष-किरण विभागात रंगद्रव्य दिल्यानंतरची रिॲक्शन, किंवा लहान मूल, जिथे डोस वजनावर काढावा लागतो. आपत्कालीन कौशल्यं सराव नसला तर काही महिन्यांतच ढिली पडतात, छाती दाबून हृदय चालू ठेवण्याच्या बाबतीत तर हे वारंवार दिसून आलं आहे. वर्षातून एकदा दिवसभराचं शिबिर घेण्यापेक्षा महिन्याला वीस मिनिटं मला केव्हाही पसंत आहेत.

उपयोग झाला का, हे 'सत्र आवडलं का' या प्रश्नावरून ठरवू नका. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी प्रशिक्षण मोजायच्या चार पातळ्या सांगितल्या: आवडलं का, शिकले का, कामात वागणं बदललं का, आणि रुग्णाला फायदा झाला का. पहिलीवर अडकू नका. सुरुवातीला दोनच आकडे लिहा: पहिल्या लक्षणापासून सुईपर्यंत किती वेळ, आणि रुग्ण शेवटपर्यंत आडवी राहिली का. पहिल्या फेरीत, दुसऱ्या फेरीत आणि दीड महिन्यानंतर.

वरिष्ठ विचारतील, याने वॉर्डातलं शिक्षण कमी करता येईल का? २०१४ मध्ये अमेरिकेत दहा नर्सिंग अभ्यासक्रमांत केलेला एक मोठा अभ्यास आहे. ६६६ विद्यार्थ्यांनी तो पूर्ण केला. प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनने भरले तरी पात्रतेत फरक पडला नाही. मात्र तिथलं सिम्युलेशन फक्त संगणकावरचं नव्हतं, आणि प्रशिक्षक खास तयार केलेले होते, प्रत्येक प्रसंगानंतर शिस्तीत चर्चा होत होती. हे दोन्ही नसेल तर तो अभ्यास दाखवून वॉर्डातले तास कापू नका.

केसच्या फाइलवर तारीख आणि कोणत्या मार्गदर्शक सूचनेवर ती आधारली आहे ते लिहून ठेवा. सूचना बदलतात, आणि जुनी केस चुकीचा डोस शिकवत राहते.

आणखी एक, याला जेमतेम दहा मिनिटं लागतात. सत्र संपल्यावर सगळ्यांना घेऊन थेट त्यांच्या वॉर्डात जा. इमर्जन्सी ट्रॉलीपाशी उभे राहा आणि म्हणा, 'ॲड्रेनालिन काढून दाखवा.' घड्याळ लावा. मी वर जिच्याबद्दल लिहिलं त्या डॉक्टरनी तीन खण उघडले. मग सिस्टर पुढे आल्या, सगळ्यात खालचा खण ओढला, तो अर्ध्यावर अडकला, त्यांनी गुडघ्याने धक्का देऊन तो उघडला आणि डबी वर काढली. एक मिनिट दहा सेकंद. डबी दुसऱ्या दिवसापासून वरच्या खणात आली, एक मिलीच्या दोन सिरिंजा तिला रबरबँडने बांधलेल्या.